सोललेलं येन

आमच्या घरी कोंबड्याच्या आधी इंजिन आरवायचं. पहाट फुटली की बाबा लोखंडी हँडल घेऊन शेजारच्या आवारात जात, त्या इंजिनाला दोन शिव्या नि तीन हिसके देत, आणि ते एकदाचं पेटलं की त्याच्या ठोक्याने आमच्या कवेलूंतून माती गळायला लागायची. माय चुलीपुढून ओरडायची, "अजी, पेजेत माती पडून राह्यली ना! थांबवा त्या राक्षसाले!" बाबा ढिम्म. त्यांना ऐकू येत नसे हे अर्धं खरं आणि अर्धं सोयीचं होतं. मग आम्ही मातीसकट पेज प्यायचो, सोबत सुक्या झिंग्यांची चटणी. दुपारी भात आणि लाखोळीचं वरण. रोज तेच. पण त्या वरणाची चव मला पुढे कुठेच भेटली नाही, आणि त्याचं कारण माझ्या मायच्या हातात जितकं होतं तितकंच त्या राक्षसाच्या पोटातही होतं. ते सांगतेच.

माझे बाबा बरीच वर्षं घुग्घुसला कोळसा खाणीच्या वर्कशॉपात होते. धुळीला कंटाळून गावी परत आले तेव्हा लोकांना वाटलं आता हा माणूस धान लावेल. धान लावलं, पण मन लागेना. रात्रंदिवस यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाच्या हाताला बैलाचं शेपूट धरून काय समाधान मिळणार? त्यांनी भंगारातून एक जुनं डिझेल इंजिन मिळवलं, लोखंडी मेजावर ताटाएवढा गोल आरा बसवला आणि दुसऱ्या बाजूला एक जाडजूड शंकू, स्क्रूसारखे आटे पाडलेला. इंजिनाचा पट्टा आऱ्यावर टाकला की फांद्या हातभर लांबीच्या तुकड्यांत कापून निघायच्या. पट्टा शंकूवर टाकला की बुडख्याच्या छातीत तो असा शिरायचा की चार कुऱ्हाडींना दाद न देणारं लाकूड करकर वाजत उभं फाटायचं. पहिल्यांदा ते फाटताना पाहिलं तेव्हा मी टाळ्या पिटल्या होत्या. बाबा लाजले. चाळीशी उलटलेला माणूस लाजताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

आता ही मशीन गावाला कशासाठी हवी होती ते ऐका. आमच्या मागच्या डोंगरावर जंगलखात्याचं कूप निघायचं. म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातली ठरलेली झाडं कापायची. चांगला सरळ इमारती माल ट्रकात बसून निघून जायचा आणि मागे राहायचे शेंडे, वाकड्या फांद्या, गाठीचे बुडखे. ते गावाच्या वाट्याचं. पण गावाने ते आणायचं कसं? बुडखे कुऱ्हाडीला ऐकत नसत, फांद्या काट्याकुट्यांनी गुंतलेल्या. मग बायका आपल्या डोक्यावर मावेल तेवढं बारीक लाकूड आणायच्या नि बाकीचं तिथेच सडायचं, नाहीतर उन्हाळ्याच्या आगीत उगाच जळून जायचं. झड लागायच्या आधी प्रत्येक घराला पडवी भरून लाकूड पाहिजे, आणि त्यासाठी माणशी शंभर मोळ्या. पुरुष म्हणायचे, लाकूड आणणं हे बायकांचं काम. डोकं बायकांचं ना, त्यांचं काय जातं!

जैवंताबाई मडावी आमच्या आवारापासून चौथ्या घरात राहायची. अंगाने बारीक, उन्हाने रापलेली, विधवा, आणि मान कायम उजवीकडे जराशी कललेली. ती मान जन्मापासून तशी नव्हती. पोटात सात महिन्यांचं पोर असताना डोक्यावरच्या मोळीसकट ती नाल्यात घसरली होती. पोर वाचलं, मान मात्र सरळ झाली नाही. मी तिला काकी म्हणायची. बाबांनी जेव्हा वन समितीपुढे सांगितलं की कुपातला सगळा कचरा बैलगाडीने खाली आणू, मशीनवर कापू आणि घरोघर सारखा वाटू, तेव्हा सगळ्या बायका हसल्या होत्या. एकटी जैवंताबाई हसली नाही. बाहेर येऊन तिने बाबांना इतकंच विचारलं, "खरंच होईन का, भाऊ?" बाबा म्हणाले, होईल. तिने मान हलवली, तिच्या त्या वाकड्या मानेने हलवता येईल तेवढी.

मशीन चालवायला बाबांना जोडीला माणूस पाहिजे होता आणि घरात होती मी. दहावीच्या गणिताने मला तीनदा घरी पाठवलेलं, मामा स्थळं आणून राहिले होते, आणि स्थळं मला पाहून "पोरगी तोंडाळ आहे" म्हणून परत जात होती. खरंच बोलत होती बिचारी. बाबांनी मला केसांचा घट्ट अंबाडा घालायला लावला, बांगड्या काढायला लावल्या, ओढणी तर आवाराच्या कुंपणावरच टांगून ठेवायची. "आऱ्याले नातं समजत नाई," असं ते म्हणायचे. महिनाभरात मी पट्टा चढवायला शिकले, दातांना कानस मारायला शिकले, आणि आऱ्याचा आवाज जड झाला की लाकडात गाठ आहे हे न बघता सांगायला लागले. गणितात नापास झालेल्या पोरीला आपल्याला काहीतरी येतं हे कळलं की तिचं काय होतं, ते पास झालेल्यांना सांगून उपयोग नाही. मी चालायला लागले तीच वेगळी. माय म्हणायची, "हे पाय जमिनीवर टेकव जरा, उडशीन!"

आणि त्या मशीनचं एक कौतुक मला आजही आहे: तिच्याकडून काहीच वाया जात नसे. भुसा पोत्यात भरून घरोघर जायचा. त्याची शेगडी करायची. तुपाच्या रिकाम्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, हलकेच बाटली काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. दुपारभर धूर न करता ती धुमसत राहायची, आणि तिच्यावर लाखोळीचं वरण हळूहळू, कोणाची घाई नसल्यासारखं शिजायचं. हीच ती चव. बारीक फांद्यांचे तुकडे बाळंतिणींच्या न्हाणीला, पाला धानाच्या बांध्यांत, सालींचा ढीग कुंभाराच्या आव्याला. आता गावात ट्रॅक्टरमागे लावायची नवी मशीन येते, अख्खी फांदी गिळते नि पलीकडून भुगा थुंकते. परवा मी तिच्याजवळ उभी राहून त्या पोराला विचारलं, "काय टाकलंस रे बाबू?" तो म्हणाला, "माल टाकला, आजी." अरे, मालाला काही नाव असेल की नाही? मी घरी येऊन सुनेपुढे अर्धा तास बडबडले. ती गॅसवर दूध तापवत होती, हो हो म्हणाली.

नावाचीच तर सगळी गोष्ट आहे. आमच्या गावात मडाव्यांची चौदा घरं. त्यांच्या कुळाचा देव, ते पेन म्हणतात, येनाच्या झाडात राहतो. येनाला ते कुऱ्हाड लावत नाहीत आणि त्यांच्या चुलीत येन जळत नाही. आम्ही कुणबी, आमच्या चुलीला येनाचं वावडं नव्हतं. इतकी वर्षं कधी अडचण आली नाही, कारण जी बाई लाकूड तोडते तिला ठाऊक असायचं ती काय तोडते आहे. येन तर लहान पोरंही ओळखतात, मगरीच्या पाठीसारखी त्याची साल. पण मशीनची गोष्ट वेगळी. येनाच्या सालीच्या भेगांत माती आणि खडे भरलेले असतात आणि त्यांनी आऱ्याचे दात बोथट होतात. म्हणून बाबांचा नियम होता, साल सोलल्याशिवाय येन आऱ्याला दाखवायचं नाही. लेंडियाच्या झाडाची पातळ साल तर आपसूक गळते, आणि येनाची सोलली की दोन्ही लाकडं शेजारी ठेवली तर सारखीच नागडी. माझ्या डोळ्यांना तरी फरक दिसत नव्हता.

हे सगळ्यात आधी ओळखलं लालसू पाटलांनी. ते मडाव्यांतले वडील माणूस, जैवंताबाईचे जेठ, म्हणजे थोरले दीर, आणि मशीनचे पहिल्या दिवसापासूनचे वैरी. समितीच्या बैठकीत ते म्हणाले, "कुऱ्हाडीनं तोडणारा झाडाले पाहते. तुमची मशीन कोणालेच पाहत नाई. उद्या माह्या चुलीत माहाच देव घालाल." बाबांनी तिथेच शब्द दिला: येन वेगळं कापू, वेगळं रचू, मडाव्यांच्या चौदा घरांत त्याची काडी जाणार नाही. पाटील म्हणाले, "ठीक आहे. एक काडी जरी गेली त पावसाआधीच्या ग्रामसभेत मीच उभा होईन आणि मशीन परत जाईन." त्यात धमकी नव्हती. ते साधंच बोलत होते, म्हणून जास्त भीती वाटली. तेव्हापासून आवारात दोन ढीग झाले. आऱ्यापुढे उभं राहिलं की डाव्या हाताला येन, उजव्या हाताला बाकी सगळं. मी आंधळी झाले असते तरी चुकले नसते, असं मला वाटायचं.

वैशाखात जैवंताबाईच्या मुलाचं लग्न निघालं. तोच तो, नाल्यात वाचलेला. नवरी पलीकडच्या खोऱ्यातली, त्यांच्यात नवरीच वरात घेऊन नवऱ्याच्या दारी येते, दोनशे माणूस जेवणार, आणि लाकूड सगळं मशीनवरून जाणार होतं. जैवंताबाईने मला मुद्दाम येऊन सांगितलं, "माह्या घरच्या लग्नाले मी पयल्यांदा मोळी नाई आणून राह्यली, शेवंता. तूच पाह्य." मला इतका अभिमान वाटला की विचारू नका. लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा पट्टा आणायला चंद्रपूरला गेले होते. जुना पट्टा चालण्यासारखा होता, म्हणून मी एकटीने इंजिन लावलं. मायला जरा ओढायला हाताशी घेतलं आणि कामाला लागले. नऊच्या सुमाराला वारा फिरला. इंजिनाचा सगळा धूर माझ्या तोंडावर, डोळ्यांतून पाणी, समोरचा आरा दिसेना. मी शहाणीने काय करावं? इंजिन थांबवलं, पट्टा उतरवला आणि मायला घेऊन मेज ढकलत ढकलत अख्खं उलटं फिरवलं, धूर पाठीमागे जावा म्हणून. जमलं याचा केवढा आनंद! बाबा नसताना मी मशीन फिरवली! आणि मग पुन्हा पट्टा चढवून कापायला लागले, डाव्या हाताला येन, उजव्या हाताला बाकी. मी फिरले होते. ढीग जिथे होते तिथेच होते.

दुपारी जैवंताबाईकडची बैलगाडी आली. मी मडाव्यांचा म्हणून जो ढीग होता त्यातून गाडी भरून दिली. गाडीवानाला सांगितलंसुद्धा, "काकीले सांग, शेवंतानं निवडून पाठवलं." हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लग्नाच्या दिवशी, मी साली पोत्यात भरत होते. साल भरता भरता हात थांबले. येनाची साल एवढी, पाच पोती, आणि येनाच्या ढिगावर मात्र सालीसकट धावडा पडलेला. सोललेलं येन गेलं कुठे? मी आऱ्याकडे पाहिलं, मेजाकडे पाहिलं, माझे दोन हात वर करून स्वतःच्याच भोवती फिरले, आणि कळलं. बाबा रात्रीच परतले होते, पट्टा बसवत होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी पट्टा हाताने ताणून पाहिला. मग म्हणाले, "सोललेलं आहे. कोणाले ओळखू येणार नाई." मी म्हटलं, "बाबा!" ते म्हणाले, "सांगशीन त मशीन गेली समज. आणि नाई सांगशीन त..." वाक्य तिथेच टाकून त्यांनी पान्हा उचलला नि पुन्हा पट्ट्याशी लागले. त्या मशीनसाठी त्या माणसाने काय काय केलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी मला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. मोठे झाल्यावर कळलं की त्यांनी त्या दिवशी मला मोठं मानलं होतं.

मी धावत सुटले. पायात चपलासुद्धा नव्हत्या. जैवंताबाईच्या अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा हिरवागार मांडव, ढोलवाले ढोल शेकत बसलेले, जमिनीत खणलेल्या लांब चुली, त्यांवर पाण्याची गंजं चढवलेली, आणि चुली अजून पेटायच्या होत्या. एवढंच मी पाहिलं, चुली पेटायच्या आहेत. आणि कोण बसलंय, कोण उभं आहे याचा काही विचार न करता मांडवाच्या मधोमध उभी राहून ओरडले, "काकी, पेटवू नोका! त्याच्यात येन आहे! माह्या हातानं झालं!"

सगळा मांडव माझ्याकडे वळला. लालसू पाटील खाटेवर बसले होते, वरातीच्या पुढे आलेले नवरीकडचे चार म्हातारे त्यांच्या बाजूला. मी जैवंताबाईकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती घाबरेल, रागवेल, रडेल. ती माझ्याकडे अशी बघत होती की हिला आत्ता, इथेच, दोन ठेवून द्याव्यात. जवळ येऊन दातांतल्या दातांत म्हणाली, "काऊन आली वो तू सांगाले?" मला काही कळेना. मग तिने डोळ्यांनी घराच्या मागच्या बाजूला खूण केली. तिथे पडवीत जुन्या ताडपत्रीखाली एक ढीग झाकलेला होता. सोललेलं येन. कालच गाडी रिकामी होताना तिला कळलं होतं. तिने सगळ्यांना सांगितलं होतं लाकूड ओलं आहे, नि एकटीने बसून काडी काडी निवडून बाजूला काढलं होतं. कोणाला काही कळू नये म्हणून. कारण कळलं तर मशीन जाईल, आणि मशीन गेली तर गावातली प्रत्येक बाई पुन्हा त्या नाल्यातून मोळी घेऊन चढणार. तिने आपल्या देवाचाही मान राखला होता आणि मशीनही वाचवली होती. आणि मी, सत्यवती, चपला न घालता येऊन दोन्हीवर पाणी ओतलं होतं.

तिच्या डोळ्यांची खूण पाटलांनीही पाहिली होती. ते उठले, मागे जाऊन ताडपत्री वर करून आले. "मी म्हटलं नव्हतं?" इतकंच बोलले. मग चुलीजवळच्या लाकडांकडे बोट करून विचारलं, "आणि ह्याच्यात नाई उरलं हे कोण सांगन? लाकडाले तोंड आहे का?" नवरीकडचे म्हातारे एकमेकांकडे पाहायला लागले. कोणीतरी म्हणालं, चुली बंद ठेवा. दोनशे माणसांचा भात व्हायचा होता, उन्हं वर चढत होती, नवरीची वरात वाटेत होती. मला वाटलं जमीन फाटावी.

जैवंताबाई आयुष्यात कधी जेठापुढे तोंड उघडून बोलली नव्हती. त्यांच्यात ती रीत नव्हती. जेठ समोर आला की ती पदर पुढे ओढायची आणि वाट सोडून उभी राहायची. त्या दिवशीही तिने पदर ओढला, पण वाट सोडली नाही. अख्खे डोळे झाकले जातील इतका खाली ओढला आणि चुलीजवळ मांडी घालून बसली. म्हणाली, "मी सांगन. पाटलांनं एक एक द्यावं माह्या हातात."

पाटलांनी सुरुवातीला चेष्टाच केली असावी. एक तुकडा उचलून दिला. तिने त्याच्यावरून अंगठा फिरवला, नखाने जरासं खरवडलं, नाकाशी नेलं. "लेंडिया." दुसरा. "धावडा. पाहा कसा जड आहे." तिसरा. "मोवई, हे फेका, धूरच होईन." बायका हसल्या. मग पाटलांनी मागच्या ताडपत्रीखालून एक तुकडा गुपचूप आणवला. तिने तो हातात घेतला, वास घेतला, जिभेचं टोक लावलं आणि तोंड कडू झाल्यासारखं केलं. "तुरट. हे देवाचं आहे. हे इथी काऊन आणलं?" आता कोणी हसलं नाही. पाटील भराभर देत गेले, मिसळून, उलटसुलट, आणि ती बिनचूक सांगत गेली. आऱ्याच्या आवाजावरून गाठ ओळखते म्हणून मी मिरवत होते. ही बाई डोळे झाकून अख्खं जंगल हातावर ओळखत होती. वीस वर्षं जे डोक्यावर वाहिलं ते तिच्या बोटांत जाऊन बसलं होतं. मी तिथे उभी राहून मनात म्हटलं, शेवंता, तू काहीच शिकली नाहीस अजून. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला लाजेपेक्षा आनंद जास्त झाला. असं कौतुक मनात भरलं की आपली चूकसुद्धा क्षणभर विसरायला झालं.

एका तुकड्यावर ती अडली. हुंगलं, चाटलं, पुन्हा हुंगलं. पाटील वाकून पाहत होते. ती म्हणाली, "हे नाई सांगता येत मले."

"मंग?" पाटील म्हणाले.

"मंग काय? सांगता येत नाई ते जळत नाई. ठेवा बाजूले."

पाटील तो तुकडा हातात घेऊन उभे राहिले. नंतर ते गावात सांगत, बाकीच्या लाकडांनी मला पटवलं नाही, त्या एका लाकडाने पटवलं. पण तेव्हा ते तो तुकडा नुसता हातात फिरवत राहिले, म्हणून जैवंताबाईच बोलली, पदराआडूनच, पण मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. "पाटील, मशीन परत पाठवाची असन त पाठवा. पण मंग झडीच्या लाकडाले तुमी जाल का? हे सगळे बसले आहेत मिश्यांवाले, हे जातीन का? माही मान पाहा. नाई पाहवत त नोका पाहू. मशीन राहू द्या. पोरीनं कापाच्या आधी मी बसन तिथी. मी नाव घेईन, मंग ते आऱ्याखाली जाईन. मी मरेपर्यंत बसन." मागून कोणीतरी बाई म्हणाली, "मी बी बसन!" आणि मग दुसरी, आणि मग सगळ्याच एकदम. नवरीकडचा एक म्हातारा पाटलांना म्हणाला, "सोयरे, आमची पोरगी ह्या बाईच्या घरी येऊन राह्यली ना? मंग बेफिकीर झालो आमी." पाटलांनी तो तुकडा ताडपत्रीखालच्या ढिगावर नेऊन ठेवला आणि चुलीवाल्याला म्हणाले, "पेटवा."

येनाचं काय करायचं हे मात्र राहिलं होतं. फेकायचं नाही, जाळायचं नाही. आमच्या घरी द्यावं तर मायने कानावर हात ठेवले, "एवढं झाल्यावर माह्या चुलीत? नाई वो बाई." पाटील म्हणाले, देवाचं आहे, देवाजवळ नेऊन ठेवा. देवाचं ठाणं गावाबाहेर, टेकाडावर, एक म्हातारं येन. ढीग दोन मोळ्यांचा होता. मी म्हटलं, "काकी, मी दोन चकरा मारते, तुमी लग्न पाहा." जैवंताबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदराची चुंबळ केली, मोळी उचलली आणि चालायला लागली. मी मागे. वर्षभर मशीनवर होते, माझी सवय मोडलेली, अर्ध्या वाटेत माझी मान भरून आली. ती वाकडी मान घेऊन पुढे झपाझपा चाललेली. मला तिच्या पाठीकडे पाहून रडू येत होतं आणि डोक्यावर मोळी असली की डोळे पुसता येत नाहीत.

टेकाडावर तिने दोन्ही मोळ्या सोडल्या आणि सोललेली लाकडं एक एक करून त्या म्हाताऱ्या येनाच्या बुंध्याशी रचली, पडवीत रचावी तशी नीट. मग तिने हात जोडले, आणि शेजाऱ्याशी बोलावं तशा साध्या आवाजात त्याला म्हणाली, "देवा, पोरगी नवी आहे, मशीन बी नवी आहे. चुकल्या दोघी. समजून घे."

खालून ढोल वाजायला लागले. मी हुंदके देत होते. ती उठली, माझ्या पाठीवर एक धपाटा घातला आणि म्हणाली, "आयकलं त्यानं. आता रडणं पुरे कर. चाल, सून पोचली असन दारात."